दफ्तरमहालाचे दिवे वाढविले त्याची हकीकत

श्री. ज्याने आधी उजेड केला आणि मागाहून डोळे केले, म्हणून डोळ्यांस वाट पाहात बसावे लागले नाही, त्या कर्त्यास दंडवत. राज्यारोहण शक तेवीस, माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमीचा दिवस, येथून हकीकत लिहितो. लिहिणार कोण हे विचारू नये. दफ्तरमहालात पाचव्या ओळीत भिंतीकडील शेवटची बैठक ज्याची तो, इतकेच जाणावे. राज्याचे नावही लिहीत नाही, कारण ज्यांस ते ठाऊक आहे त्यांस सांगणे नको, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांचे काही अडत नाही. राज्य लहान, डोंगर मोठे, आणि सरकारांचे मन चांगले, ऐसी स्थिती होती. सरकारांनी राजधानीत दफ्तरमहाल बांधविला, आणि तो ऐसा बांधविला की बाहेरून पाहणाराने तोंडात बोट घालावे आणि आत बसणाराने डोळ्यांवर हात घ्यावा. पश्चिमेस भिंत म्हणून नाहीच, जमिनीपासून छतापर्यंत सगळी काच; दोन प्रहरांनंतर ऊन शिरे ते नीट कारकुनांच्या डोळ्यांत. मग कारकुनांनी जाड पडदे मागविले आणि ते ओढिले, आणि महालात अंधार जाहला, आणि अंधार जाहला म्हणून छतास चारशे दिवे लाविले, आणि दिव्यांची ऊब जाहली म्हणून पंखे लाविले, आणि पंख्यांच्या वाऱ्याने कागद उडू लागले म्हणून कागदांवर दगड ठेविले. चारशे दिव्यांस बटण एकच. दाबिले म्हणजे चारशेही लागत, पुन्हा दाबिले म्हणजे चारशेही जात. तिसरी गोष्ट त्या बटणास ठाऊक नव्हती. येणेप्रमाणे बाहेर सूर्यनारायण, आत दिवे आणि मध्ये पडदा, ऐसी बारा वर्षे गेली, आणि कोणास काही वावगे दिसले नाही. मलाही दिसले नाही.

आता वीज कोठून येई ते सांगतो. राजधानीच्या वरल्या अंगास तलाव, तलावास बंधारा, बंधाऱ्याखाली चाक. जितके दिवे लागावे तितके पाणी चाकावर सोडावे, आणि सोडिलेले पाणी नदीने समुद्रास जाई, ते परत येत नसे. त्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि माघातच तलावाच्या आठ पायऱ्या उघड्या पडल्या. मग बंधाऱ्याचे अंमलदार नकाशा घेऊन आले आणि म्हणाले की तलावाच्या वर आंबेवळण म्हणून सातशे उंबऱ्यांचे गाव आहे, त्या खोऱ्यास दुसरा बंधारा घालावा, गाव उठवून माळावर बसवावे, म्हणजे दिव्यांस तोटा नाही. सरकारांनी नकाशा पाहिला. नकाशात गाव करंगळीच्या नखाएवढे होते, ते सहज बुडाले. ही वार्ता आंबेवळणास पोहोचली, आणि रथसप्तमीस सरकार सूर्यास अर्घ्य देऊन दफ्तरमहालात येऊन बसले तोच गावची माणसे अर्ज घेऊन उभी राहिली. रडणारे रडले, पाया पडणारे पाया पडले. त्यांत तान्हूबाई म्हणून एक गवंडीण होती, वय पन्नाशीचे, हातांस चुन्याच्या भेगा, राजधानीतली निम्मी छते तिच्या हातची. माहेर आंबेवळण, सासर आंबेवळण, नवऱ्याला अग्नी दिला तोही तेथील ओढ्याकाठी. ती रडलीही नाही आणि पायाही पडली नाही. ती मान वर करून छताकडे पाहात होती. सरकारांनी विचारिले की बाई, तुमचे काय म्हणणे, तेव्हा ती बोलली, "सरकार, आत्ताच तुमी सूर्याला पानी दिलंसा. त्यो भाईर हुबा हाय. मग हितं दिवं कशापायी जळत्यात?"

सरकारांनी मशालखान्याचे कारभारी दिनकरपंत यांजकडे पाहिले. या गृहस्थांचे नाव सूर्याचे आणि प्रीती दिव्यांवर, म्हणून आम्ही कारकून मागे हसत असू; परंतु हसण्यासारखे काही नव्हते. पंतांचे वडील आबाजीपंत जुन्या दफ्तरात लेखक होते. त्या काळी वीज नव्हती, घरी एका पणतीवर अपुरे कागद पुरे करावे लागत, आणि ऐसे करिता करिता पन्नाशीच्या आत त्यांची दृष्टी गेली. उजेड आहे की अंधार इतकेच त्यांस कळे, माणूस कळत नसे. पोरवयात पंतांनी बापाचा हात धरून त्यास चालविले होते, आणि आपल्या अमलात एकाही लेखकाच्या कागदावर सावली पडू देणार नाही ऐसी शपथ वाहिली होती. ते बोलिले की सरकार, ऊन बेभरवशाचे, दिवा इमानी, मी डोळ्यांचा जुगार खेळणार नाही. तान्हूबाई म्हणाली की डोळ्यांस काहीएक होणार नाही, एक महिना महाल माझ्या हाती द्यावा. सरकारांनी विचार केला आणि निवाडा दिला तो ऐसा: बाईने फाल्गुन अखेरपर्यंत काम करावे, पाडव्यापासून चाळीस दिवस मोजावे, तलावाच्या बाराव्या पायरीवर शेंदराची रेघ ओढावी, चाळिसाव्या दिवशी रेघ पाण्यात असली तर आंबेवळण राहील, उघडी पडली तर बंधाऱ्याचा नारळ फुटेल. गावाने हे मान्य केले, कारण दुसरे हाती काही नव्हते.

मग तान्हूबाईने काम धरिले, आणि महिनाभर आम्ही ओसरीवर बसून कागद लिहिले आणि तिचे काम पाहिले. ती काचेस हात लावीना. दीड पुरुष उंचीवर काचेच्या लांबीभर एक फळी बसविली, हातभर बाहेर आणि दोन हात आत, आणि फळीस पांढराशुभ्र चुना दिला. फळीखालच्या काचेस बाहेरून तिरप्या झडपा लाविल्या, वरची काच मोकळी ठेविली. छत घोटून घोटून शिंपल्याच्या चुन्याने ऐसे पांढरे केले की मान वर केली की डोळे मिचकावे. उत्तरेच्या भिंतीस वर झरोके पाडिले, म्हणजे सकाळचीही सोय जाहली. बैठका फिरविल्या, म्हणजे उजेड डाव्या अंगाने यावा आणि लिहित्या हाताची सावली अक्षरावर पडू नये. मी एकदा विचारिले की बाई, फळी कशास, तेव्हा म्हणाली की ऊन आणि उजेड हे सख्खे भाऊ, पण ऊन घरात घेतले तर घर डोक्यावर घेते, म्हणून त्यास फळीवर बसवावे आणि उजेडास छतावरून आत पाठवावे. आणि दिवे तिने काढिले नाहीत. हे ध्यानी ठेवावे, कारण पुढे लोक म्हणू लागले की बाई दिव्यांवर उठली होती, ते खोटे. तिने तारा सोडविल्या आणि काचेला समांतर पाच ओळी केल्या, दर ओळीस बटण निराळे. काचेजवळची पहिली, भिंतीजवळची पाचवी. ज्याचे डोळे अधू त्याच्या बैठकीवर हाताशी एक लहान दिवा दिला, त्यांत मीही आलो. ती म्हणे की सूर्य हा घरचा धनी आणि दिवा ही घरची धनीण. एकाने घरी असावे तेव्हा दुसऱ्याने बाहेरची कामे उरकावी, दोघांनी एकाच वेळी चुलीपुढे बसून काय करायचे.

काम पुरे जाहले आणि तिने जे सांगितले ते वृद्ध चिटणीस हरबाजी यांनी हुकूम म्हणून लिहून घेतले: "ऊन जसजसे चढेल तसतसे दिवे ओळीओळीने वाढवीत जावे, काचेजवळील ओळ आधी, भिंतीकडील शेवटी. ढग आल्यास उलटे करावे." त्यावर शिक्का जाहला, आणि दुसरे दिवशी हरबाजी काशीयात्रेस निघून गेले. तान्हूबाईही आंबेवळणास गेली. कारण त्या राज्यातील गवंड्यांची चाल ऐसी की वास्तू सोपविली म्हणजे एकवीस दिवस गवंड्याने तिचा उंबरा ओलांडू नये. ओलांडिला तर वास्तू गवंड्याचीच राहते, राहणाराची होत नाही. आता या हुकुमातील एका शब्दाने काय केले ते ऐकावे. जुन्या माणसांच्या तोंडी दिवा विझला हे बोल येत नाहीत, ते अभद्र. नारळ फोडिला म्हणू नये, वाढविला म्हणावे. बांगडी फुटली म्हणू नये, वाढविली म्हणावे. दुकान बंद केले म्हणू नये, वाढविले म्हणावे. आणि दिवा मालविला की तोही वाढविला म्हणावे. आंबेवळणात सगळे ऐसेच बोलत. परंतु राजधानीत बटणे येऊन वीस वर्षे जाहली होती, आणि बटणापुढे शुभ काय आणि अशुभ काय, दिवा चालू आणि दिवा बंद, इतक्यावर भाषा आली होती. मशालखान्यातील मंडळींनी हुकूम वाचिला आणि अर्थ सरळ केला की ऊन वाढेल तसे दिवे अधिक करावे.

दिनकरपंतांस प्रथम नवल वाटले, मग हर्ष जाहला. ते म्हणाले, बाईस अखेर उमगले, बाहेर लखलखाट असला की आत अधिक दिवे हवेत, नाहीतर महाल फिका दिसायचा. चारशे पुरेनात म्हणून त्यांनी दोनशे नवे बसविले. पाडव्यापासून क्रम ऐसा चालू जाहला की सकाळी एक ओळ, प्रहर दिवसाला दोन, आणि मध्यान्ही फळीवरून उजेडाचा लोंढा छतावर येत असता खाली साहाशे दिवे जळत. आम्ही घामाघूम, पंखे गरगरत, कागदांवर पुन्हा दगड. तलाव तर भोक पडल्यासारखा उतरू लागला. आंबेवळणची माणसे रोज सांजेस तलावावर येऊन पायऱ्या मोजीत, नववी उघडी पडली, दहावी पडली, आणि लोक तान्हूबाईस बोलू लागले की तुझ्या चुन्याने गाव बुडविले. हे लिहिताना मला लाज वाटते, तरी लिहितो. माझे वडील दुकानदार होते, रोज सांजेस फळ्या लावून दुकान वाढवीत; या शब्दाचा अर्थ मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तरी मी बोललो नाही. शिक्क्याच्या कागदाचा अर्थ पाचव्या ओळीच्या कारकुनाने लावू नये, मुकाट्याने लिहावे आणि मुकाट्याने घरी जावे, ही दफ्तराची रीत, आणि मी रीतीचा माणूस. गाव माझे नव्हते, हेही खरे.

एकोणिसाव्या दिवशी, चैत्र वद्य चतुर्थीस, तान्हूबाई चार कोस उन्हात चालून भर दोन प्रहरी महालापुढे आली. दोन दिवस उणे होते म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि झडपांच्या फटीतून साहाशे दिवे पाहिले. मग तिने दिनकरपंतांस बोलावणे धाडिले. पंत हसतमुखाने बाहेर आले, ते उंबऱ्याच्या आत आणि ती बाहेर. ती म्हणाली, "पंत, ऊन चढंल तसं दिवं वाढवा म्हनलं हुतं."

"वाढविले की, बाई. चारशे होते, साहाशे केले."

तान्हूबाई खाली बसली. मग तिने सांगितले की वाढवा म्हणजे निरोप द्या, मालवा, आमच्यात त्यास वाढवणेच म्हणतात. पंतांस ते खरे वाटेना. ते म्हणाले की बाई, वाढवणे म्हणजे उणे करणे ऐसी भाषा जगात कोठे असते, तुम्ही आता सारवासारव करिता. ती भांडली नाही. म्हणाली, "तुमच्या घरात कुनी जुनं मानूस असंल तर त्येला इचारा. म्या हितंच बसते."

पंत तडक घरी गेले. आबाजीपंत माजघरात जपमाळ घेऊन बसले होते. पंतांनी पुढे बसून विचारिले की आबा, दिवा वाढवणे म्हणजे काय. म्हाताऱ्याचा हात माळेवर थांबला. हे पुढे पंतांनीच स्वमुखे आम्हांस सांगितले म्हणून लिहितो. आबाजीपंत म्हणाले, "तुझी आई रोज पणतीपाशी येऊन विचारायची, अहो, वाढवू का आता दिवा? आणि मी म्हणायचो, थांब, चार ओळी राहिल्या. तू झोपलेला असायचास. रोज चार ओळी राहायच्या, बाळा. तिचे ऐकले असते तर आज तुझे तोंड पाहिले असते." पंतांनी बापाच्या पायांवर डोके ठेविले, आणि कितीएक वेळ उचलिले नाही. मग पागोटे घातले, बापाचा हात धरिला आणि पायी चालत त्यास दफ्तरमहालात आणिले. तान्हूबाई उंबऱ्याशी बसलेलीच होती. पंत आत गेले आणि आपल्या हाताने पहिली ओळ वाढविली, मग दुसरी, मग तिसरी, आणि प्रत्येक बटणाआधी वळून आमच्या कागदांकडे पाहिले, कारण लहानपणची शपथ होती. पाचवी ओळ वाढविली आणि आम्ही सर्वांनी कागदांवर पाहिले. अक्षर होते तसेच स्पष्ट. छतावरून मऊ उजेड खाली येत होता, आणि दिव्यांच्या उबेने अंग भाजत होते तेही राहिले. पंतांस तरी विश्वास वाटेना. त्यांनी आबाजीपंतांस मध्ये उभे करून विचारिले की आबा, उजेड आहे का. म्हाताऱ्याने तोंड चहूकडे फिरविले आणि म्हटले की पुष्कळ आहे, किती दिवे लाविले आहेत? पंत म्हणाले, एकही नाही. मग पंत बाहेर आले आणि तान्हूबाईसमोर हात जोडून उभे राहिले.

त्या दिवसापासून पाणी सावरले, परंतु एकोणीस दिवसांत तीन पायऱ्या उतरल्या त्या उतरल्या, आणि ऊन तर वैशाखाचे, तलाव आपल्या आपणही आटतो. पुढल्या एकवीस दिवसांत पाणी दीडच पायरी उतरले, तरी चाळिसाव्या दिवशी, वैशाख शुद्ध दशमीस, खाशी स्वारी तलावावर गेली तेव्हा शेंदराची रेघ कोरडी होती, पाणी तिच्याखाली अर्धी पायरी. आंबेवळणच्या बायामाणसांनी पदर तोंडाशी धरिले. बंधाऱ्याच्या अंमलदारांनी नकाशा उलगडला. तेव्हा दिनकरपंत पुढे जाहले आणि भर लोकांत पागोटे काढून म्हणाले की सरकार, चूक बाईची नाही, गावाची नाही, एकोणीस दिवस दिवे मी जाळिले, शिक्षा व्हायची ती मला व्हावी. सरकारांनी तो हुकूम मागविला आणि वाचिला. मग बोलिले, "पंत, शिक्का करण्यापूर्वी हा कागद मीही वाचिला होता. मलाही तोच अर्थ वाटला. चमत्कारिक वाटले आणि विचारिले नाही, कारण राजाने शब्दाचा अर्थ विचारावा हे मला कमीपणाचे वाटले." ऐसे म्हणून सरकार पायऱ्या उतरले, बोट शेंदरात बुडविले आणि आपल्या हाताने पाण्याखालच्या चौदाव्या पायरीवर नवी रेघ ओढिली. निवाडा दिला की जे एकोणीस दिवस आमच्या चुकीत गेले ते गावास परत दिले. तितक्या दिवसांनी ही रेघ पाण्यात असावी. अंमलदार काही बोलू गेले, परंतु सरकारांचे शेंदरी बोट पाहून मागे सरले.

आता या एकोणीस दिवसांतली गोष्ट, आणि ती मला सर्वांहून मोठी वाटते. वैशाख वद्यात तीन दिवस आभाळ भरून राहिले. पाऊस नाही, थेंब नाही, नुसते काळे झाकण. फळीवर ऊन नाही तर छतावर उजेड कोठला? काचेजवळच्या दोन ओळींस बरे होते, मागे आम्हांस अक्षर दिसेना. परंतु दिनकरपंत आता दुसऱ्या टोकास गेले होते. नवा भक्त आणि सात वेळा स्नान, त्यातला प्रकार. त्यांनी बटणांच्या पेटीस कुलूप घातले, किल्ली कमरेस लाविली, आणि म्हणाले की एक दिवा लाविला तर आंबेवळणचे एक घर बुडेल, कोणीही दिवा मागू नये. कोणी मागितला नाही. आम्ही कागदावर नाक टेकवून लिहीत राहिलो, डोळ्यांतून पाणी गळू लागले, मी तर दोन सातबारे एकमेकांच्या नावावर लिहिले. दुसऱ्या दिवशी तान्हूबाई आली. एकवीस दिवस केव्हाच सरले होते, तिला आता उंबरा मोकळा होता. तिने पाचव्या ओळीत येऊन आम्हांकडे पाहिले आणि पंतांकडे किल्ली मागितली. पंत म्हणाले की बाई, पाणी रेघेवर चार बोटे आहे, तुमचेच गाव आहे. तान्हूबाई बोलली, "गाव माझं हाय म्हनूनच सांगते. ढग आल्यावर उलटं करा आसं त्या कागदात लिवलंय, ते वाचलं न्हाई व्हय? दिवा काय वैरी हाय? दुसऱ्याचं डोळं घालवून वाचलेल्या गावात मला झोप यायची न्हाई."

मला वाटते पंतांस पणतीपुढे वाकलेला आपला बाप दिसला. त्यांनी किल्ली दिली. तान्हूबाईने पहिल्या दोन ओळी तशाच ठेविल्या, मागच्या तीन लाविल्या, आणि माझ्या बैठकीवरील लहान दिवा आपल्या हाताने लाविला, तेव्हा माझ्याने राहवले नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो की बाई, त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता, मी एकोणीस दिवस गप्प बसलो. ती रागावेल ऐसे वाटले, रागावली असती तर बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली की बोलायचे होते, दादा, आणि पदराने माझ्या दिव्याची काच पुसून पुढे गेली.

दोन दिवस दिवे जळाले आणि पाणी गेले. मग आभाळ उघडले, ऊन फळीवर आले, आणि पंतांनी न सांगता ओळीओळीने दिवे वाढविले. वैशाख वद्य चतुर्दशीस सारे आंबेवळण आणि सारे दफ्तर तलावावर लोटले. मीही गेलो, आणि पायऱ्या उतरताना एकेक मोजीत होतो, जणू गाव माझेच. सरकार चौदाव्या पायरीशी बसले आणि पाण्यात हात घालून रेघ चाचपिली. रेघ पाण्याखाली होती, दोन बोटे. सरकारांनी ओली बोटे वर करून दाखविली. सरकारांनी नकाशा मागविला आणि तान्हूबाईस विचारिले की यात तुमचे घर कोठे. तिने चुन्याचे बोट ठेविले, त्या बोटाखाली सगळे गाव झाकले गेले. सरकारांनी ते पाहिले, नकाशाची घडी घातली, आणि अंमलदारांकडे देऊन म्हणाले, "हे बंधाऱ्याचे दुकान आता वाढवा." या खेपेस त्या शब्दाचा दुसरा अर्थ कोणी घेतला नाही.

तात्पर्य थोडके आहे. दिनकरपंत रोज बापास दफ्तरात आणून बसवितात, आणि पहिली ओळ केव्हा वाढवावी हे आबाजीपंत सांगतात. अद्याप चुकले नाहीत. हरबाजी काशीहून परतले, त्यांनी आल्या आल्या विचारिले की काय हो, दिवे वाढविले ना, आणि सारा महाल हसला, त्यांस कारण कळेना. आणखी एक नवी रीत पडली की कागदातला शब्द कळला नाही तर पाचव्या ओळीसही विचारावे, आणि पाचव्या ओळीने सांगावे. मागील राजांनी मुलूख वाढविले, फौजा वाढविल्या, त्यांच्या बखरी जाडजूड आहेत. आमच्या सरकारांनी दिवे वाढविले, आणि सातशे उंबऱ्यांवर रोज तिन्हीसांजेस दिवा लागतो. बखर येथे पुरी जाहली. आणखी चार ओळी लिहाव्या ऐसे मनात होते, परंतु ऊन फळीवरून उतरले आहे आणि डोळे माझे आहेत; आता माझ्या बैठकीवरचा दिवा वाढवितो.